फुग्यातल्या अक्षरांची रोजी

कॉमिक्सच्या अक्षरकाराचा धंदा : कातिब आणि पेंटर बंधूंनी समजून घ्यावा असा

कापडाच्या धंद्यात थानावर शिक्का असतो, साडीच्या खोक्यावर गिरणीचे नाव असते, दुकानावर पाटी असते. माल खपतो तो मालाच्या गुणावर हे खरे. पण गिऱ्हाईक आधी वाचते ते अक्षर. हे अक्षर कोणी लिहिले, त्याला त्याचे काय मिळाले आणि आज तो काय करतो, याची चौकशी आपण व्यापारी मंडळी क्वचितच करतो. या पानावर आज अशाच एका अक्षर लिहिणाऱ्या कारागिराच्या धंद्याची माहिती द्यायची आहे.

आपली मुले ज्यांना कॉमिक्स म्हणतात त्या चित्रकथांत प्रत्येक पात्राच्या तोंडाजवळ एक पांढरा फुगा असतो आणि त्यात त्याचे बोलणे लिहिलेले असते. चित्र काढणाराच ते लिहीत असेल असे पुष्कळांना वाटते. बहुतेक ठिकाणी तसे नसते. त्या फुग्यातील अक्षरांचा कारागीर वेगळा असतो. इंग्रजीत त्याला लेटरर म्हणतात. आपण अक्षरकार म्हणू. यांतील पुष्कळजण कुणाचे पगारी नोकर नसतात. शिंपी जसा नगावर शिवतो तसे हे पानावर काम करतात. आज एका प्रकाशकाचे, उद्या दुसऱ्याचे.

अक्षराचा हुन्नर आपल्या समाजाला नवा नाही. उर्दू किताबत करणारे कातिब, दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांची नावे रंगवणारे पेंटर घरोघरी होते. गेल्या चाळीस वर्षांत या सर्वांच्या पोटावर यंत्राने पाय दिला. मेढ्याच्या पेठेत काय किंवा साताऱ्याच्या काय, हाताने रंगवलेली पाटी आता शोधावी लागते. जिकडे तिकडे फ्लेक्स. मग तेच यंत्र अक्षरकाराच्या धंद्यातही आले असताना तो धंदा का तगला? या प्रश्नाचे उत्तर सापडले तर आपल्या कारागिरांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

काम काय असते?

चित्रकथेचे काम साखळीने चालते. एक जण कथा लिहितो, दुसरा पेन्सिलीने चित्र काढतो, तिसरा त्यावर शाई फिरवतो, चौथा रंग भरतो. अक्षरकार आजकाल जवळजवळ शेवटी येतो. अमेरिकेत दरमहा निघणाऱ्या एका अंकात साधारण वीस ते बावीस पाने असतात. चित्रे आणि संहिता त्याच्या हाती आली की कोणते वाक्य कोठे ठेवायचे हे त्याला ठरवावे लागते.

हे वाटते तितके सोपे नाही. एका चौकटीत तीन माणसे बोलत असतील तर पहिला बोलणारा उजवीकडे उभा असू शकतो. वाचकाची नजर मात्र डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली जाते. फुगे असे मांडावे लागतात की वाचकाला न थांबता कळावे, आधी कोण बोलले आणि उत्तर कोणी दिले. फुग्याची शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळलेली हवी. चेहरा झाकता कामा नये, हातातील वस्तू झाकता कामा नये. ओळ अशा जागी तोडावी लागते की अर्थ तुटू नये. कुजबुज असेल तर अक्षर बारीक, ओरडणे असेल तर जाड. दार आपटल्याचा, गाडी थांबल्याचा आवाज चित्रातच अक्षराने दाखवायचा. हे सर्व नीट जमले तर वाचकाला अक्षरकाराची आठवणही होत नाही. बिघडले तर मात्र चांगली कथा आणि चांगले चित्र दोन्ही वाया जातात. अस्तर चांगले बसले तर कोणी पाहत नाही. वाईट बसले तर अख्खा कोट वाया. तसाच हा प्रकार.

पूर्वी हे काम हाताने होई. पेन्सिलीच्या चित्राचा मूळ कागदच अक्षरकाराकडे येई. तो एम्स गाइड नावाच्या भोके पाडलेल्या छोट्या प्लॅस्टिकच्या पट्टीने हलक्या रेघा आखी, टाकाने काळ्या शाईत अक्षरे लिही, फुगे काढी आणि मग कागद शाईवाल्याकडे जाई. ज्यांनी किताबत पाहिली आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. आपल्याकडे कातिब मिस्तर वापरीत. पुठ्ठ्यावर दोरे ताणून बसवायचे, त्यावर कागद दाबायचा की रेघा उमटतात. तिकडे प्लॅस्टिकची पट्टी, इकडे दोऱ्याचा पुठ्ठा, काम एकच. उर्दू शाळेत तख्तीवर खुशखत गिरवलेल्या पिढीला वेगळे सांगायला नको की अक्षर सुंदर असणे ही पहिली पायरी. ओळीत ते कोठे बसवायचे आणि किती जागा सोडायची, ही खरी उस्तादी.

परदेशातील उस्ताद

अमेरिकेत हा धंदा जुना आहे. गॅस्पर सॅलॅडिनो (१९२७-२०१६) यांनी डीसी या कंपनीसाठी अनेक दशके अक्षरे लिहिली आणि अंकांची शीर्षके घडवली. टॉड क्लाइन हे १९७७ मध्ये त्याच कंपनीच्या छपाईपूर्व कामाच्या विभागात नोकरीला लागले, नोकरी सांभाळून अक्षरांचे काम शिकले आणि १९८७ मध्ये नोकरी सोडून स्वतंत्र झाले. म्हणजे दहा वर्षे पगार घेत घेत गिऱ्हाईक जोडले आणि मग दुकान थाटले. दुकान काढण्याची ही जुनी आणि खात्रीची रीत आहे. १९८९ पासून निघालेल्या 'सँडमॅन' या मालिकेत त्यांनी मोठ्या पात्रांना वेगवेगळी अक्षरे दिली. नायकाचा फुगा काळा आणि त्यात पांढरी अक्षरे. त्याच्या वेड्या बहिणीची अक्षरे डगमगती आणि रंगीत. वाचकाला वाचतानाच आवाज ऐकू येऊ लागला. चित्रकथांच्या क्षेत्रातला मोठा मान समजला जाणारा आयस्नर पुरस्कार त्यांना अक्षरांसाठी पंधराहून अधिक वेळा मिळाला.

स्टॅन साकाई यांची वाट वेगळी. 'ग्रू' या विनोदी मालिकेची अक्षरे लिहिता लिहिता त्यांनी १९८४ पासून स्वतःची 'उसागी योजिम्बो' ही मालिका उभी केली. कथा, चित्र आणि अक्षर तिन्ही त्यांचेच. मजुरीचे काम करता करता स्वतःचा माल तयार करणारा कारागीर कसा असतो, त्याचे हे उदाहरण.

आपल्याकडील चित्रकथा

मुंबईच्या टाइम्स समूहाने १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. आज पन्नाशी-साठीत असलेल्यांना त्यातला वेताळ चांगला आठवत असेल. १९७६ मध्ये त्यात 'बहादूर' हा देशी नायक आला. त्याचे जनक लेखक-चित्रकार आबिद सुरती. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. १९६७ मध्ये अनंत पै यांनी इंडिया बुक हाऊसकडून अमर चित्र कथा सुरू केली. दिल्लीच्या राज कॉमिक्सचा नागराज १९८६ मध्ये आला. त्याचे पुष्कळ सुरुवातीचे अंक पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी रेखाटले.

यात अक्षरकाराच्या धंद्याची एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. चित्र एकदाच काढायचे आणि पुस्तक अनेक भाषांत विकायचे, हा या प्रकाशनांचा हिशेब होता. कापडात एकच डिझाइन पाच रंगांत छापतात तसे. चित्रकाराचे काम एकदा, अक्षराचे काम मात्र प्रत्येक भाषेत नव्याने. एक पुस्तक मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तीन भाषांत निघाले तर चित्राचा खर्च एक, अक्षराची मजुरी तीन.

त्यातही देवनागरीची अडचण वेगळी. इंग्रजी चित्रकथेत बहुधा सर्व अक्षरे मोठ्या लिपीत असतात. वर-खाली काही लोंबत नाही, म्हणून ओळी दाटीने बसतात. मराठीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. ओळींत जास्त अंतर ठेवावे लागते. इंग्रजी मजकुराच्या मापाचा फुगा तयार असतो आणि त्यात मराठी वाक्य कोंबायचे असते. कापड कमी, माप मोठे, अशी शिंप्याची जी गत होते तीच अक्षरकाराची. येथे त्याला भाषा यावी लागते. कोणता शब्द बदलला तर ओळ बसेल, हे तो भाषांतरकाराला सुचवू शकला तर त्याची किंमत वाढते.

उर्दूची गोष्ट आणखी वेगळी. नस्तालीक तिरकी उतरते, म्हणून उंची जास्त लागते. शिवाय उजवीकडून डावीकडे वाचायचे असल्याने इंग्रजी चित्रकथेच्या चौकटींचा क्रमच उलटतो. याउलट जपानी चित्रकथा मुळातच उजवीकडून डावीकडे वाचतात. त्या इंग्रजीत आणताना सुरुवातीला प्रकाशक पाने आरशातल्यासारखी उलटी छापत आणि उजव्या हाताचे तलवारबहाद्दर डावरे होत. उर्दूत आणताना ही खटपट करावी लागणार नाही. हा माल अजून बाजारात फारसा कोणी मांडलेला नाही.

कातिबांचे काय झाले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके दीर्घकाळ कातिबांच्या हातून लिहून घेतली जात आणि मग छापली जात. मुंबईचा 'इन्किलाब' १९३८ पासूनचा. तोही याच रीतीने निघे. नस्तालीकमध्ये अक्षरे एकमेकांत इतकी गुंततात की शिशाच्या टाइपात ती धड बसली नाहीत. त्यामुळे इतर भाषांतील लेखनिकांच्या मानाने कातिबांचा धंदा पुष्कळ काळ शाबूत राहिला. मग १९८१ मध्ये नूरी नस्तालीक आली. पाकिस्तानचे खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे वीस हजार जोडरूपे स्वतः लिहिली आणि मोनोटाइप कंपनीने ती संगणकात उतरवली. लाहोरच्या 'जंग'ने प्रथम ती वापरली. १९९४ मध्ये दिल्लीहून इनपेज हा संगणक-कार्यक्रम आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत बहुतेक वर्तमानपत्रांतील कातिबांच्या बैठका उठल्या. १९२७ साली सुरू झालेला चेन्नईचा 'मुसलमान' एकविसाव्या शतकातही कातिबांच्या हातून लिहून निघत राहिला. पण असे उदाहरण विरळाच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. यंत्राने कातिबांना हरवले ते एका खुशनवीसाचेच अक्षर घेऊन. मिर्झासाहेबांची अक्षरे आजही रोज लाखो लोक वाचतात. म्हणजे हुन्नर मेला नाही. तो एकदा लिहून हजार वेळा वापरता येईल अशा मालात बदलला. ज्यांच्याकडे फक्त रोजची मजुरी होती ते बाहेर पडले.

कॉमिक्सच्या धंद्यातही यंत्र आलेच. १९९२ मध्ये रिचर्ड स्टार्किंग्ज यांनी कॉमिक्राफ्ट ही पेढी काढली आणि हाताच्या अक्षरांचे फॉन्ट करून संगणकावर काम सुरू केले. पुढच्या दहा-बारा वर्षांत टाक आणि शाई जवळजवळ गेली. टॉड क्लाइन यांनी विरोध करीत न बसता स्वतःच्या हाताच्या अक्षरांचे फॉन्ट केले आणि तेच वापरू लागले.

पण धंदा बुडाला नाही. का? कारण वर्तमानपत्रात मजकूर स्तंभात ओतायचा असतो. एकदा यंत्राने अक्षर दिले की माणसाचे काम संपते. चित्रकथेत प्रत्येक चौकट वेगळी. फुगा कोठे ठेवायचा, ओळ कोठे तोडायची, शेपटी कशी वळवायची, हे प्रत्येक पानावर नव्याने ठरवावे लागते. फॉन्टने हाताची मेहनत वाचवली; नजरेचे काम शिल्लक राहिले. हुन्नर कलमात होता असे समजणारे मागे पडले. हुन्नर नजरेत आहे हे ज्यांनी ओळखले, त्यांनी कलम बदलले आणि काम चालू ठेवले.

पुण्यातून अमेरिकेपर्यंत

ही सर्व परदेशची कहाणी आहे असे कोणी म्हणेल. तसे नाही. आपल्या साताऱ्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवरील पुण्याचे आदित्य बिडीकर हे नाव या धंद्यात जगभर माहीत आहे. बिडीकर यांनी अमेरिकी आणि ब्रिटिश प्रकाशकांच्या अनेक चित्रकथांची अक्षरे केली. डीसीच्या 'जॉन कॉन्स्टंटाइन : हेलब्लेझर'ची अक्षरे त्यांची. २०२० मध्ये इमेज कॉमिक्सने सुरू केलेल्या 'द डिपार्टमेंट ऑफ ट्रुथ'ची त्यांचीच. मूळ मुंबईचे लेखक राम व्ही यांच्या 'दीज सॅव्हेज शोअर्स', 'ग्रॅफिटीज वॉल' आणि 'ब्लू इन ग्रीन' या पुस्तकांतही अक्षरे बिडीकरांचीच आहेत. यांतील 'ग्रॅफिटीज वॉल' ही मुंबईतल्या मुलांची गोष्ट. तिचे आणि 'ब्लू इन ग्रीन'चे चित्रकार मुंबईचे आनंद राधाकृष्णन. २०२१ मध्ये अक्षरांच्या आयस्नर पुरस्कारासाठी जी नावे निवडली गेली त्यांत बिडीकरांचे नाव होते.

या यादीतून व्यापाऱ्याने काय वाचावे? पहिली गोष्ट, गिऱ्हाईक एक नाही, अनेक. डीसीसारखी मोठी कंपनी आहे, इमेज आणि व्हॉल्टसारखे लहान-मध्यम प्रकाशक आहेत. एकाने हात आखडला तरी दुसऱ्याकडून काम येते. दुसरी गोष्ट, तोच लेखक पुन्हा पुन्हा त्याच अक्षरकाराकडे येतो. म्हणजे नफा नव्या गिऱ्हाइकात नसून परत येणाऱ्या गिऱ्हाइकात आहे, हा आपल्या पेठेतला नियम तिकडेही लागू आहे. तिसरी गोष्ट, पुस्तकावर अक्षरकाराचे नाव छापलेले असते. त्या एका ओळीने पुढचे काम मिळते. जाहिरातीला पैसा लागत नाही.

हिशेब

पानावरचा दर प्रकाशकाप्रमाणे फार बदलतो, म्हणून दरापेक्षा हिशेबाची पद्धत सांगतो. पुढील आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत.

समजा पानाला ५०० रुपये ठरले आणि अंक वीस पानांचा आहे. मजुरी १०,००० रुपये. एका पानाला पाऊण तास धरला तर पंधरा तास, आणि दुरुस्तीला तीन. एकूण अठरा तास. तासाला सुमारे ५५५ रुपये पडले. आता तेच काम करताना लेखकाने संवाद तीनदा बदलले आणि दुरुस्तीत बारा तास आणखी गेले. तीस तास झाले. तासाला ३३३ रुपये. दर तोच, कमाई चाळीस टक्क्यांनी घटली. म्हणून किती फेऱ्यांपर्यंत दुरुस्ती दरात धरली आहे आणि त्यापुढे काय आकार लागेल, हे आधी लिहून घ्यावे. शिंपी एकदा ढिले-घट्ट करून देतो. गिऱ्हाइकाने कापडच बदलून आणले तर नवी शिलाई लावतो. तसेच हे.

दुसरी अडचण वेळेची. अक्षरकार साखळीच्या शेवटी आहे. लेखकाने उशीर केला, चित्रकाराने केला, रंगवाल्याने केला, तरी छपाईची तारीख हलत नाही. सगळ्यांचा उशीर अक्षरकाराच्या रात्रीत भरून काढला जातो. ज्याने महिनाभराचे सगळे दिवस कामाने भरून टाकले त्याची तीन पुस्तके एकाच आठवड्यात येऊन पडतात. अनुभवी माणूस महिन्यातील काही दिवस मुद्दाम मोकळे ठेवतो.

तिसरी अडचण उधारीची. काम दिल्यावर बिल. बिलानंतर महिना, दोन महिने, कधी पुस्तक छापून आल्यावर पैसे. आपल्या धंद्यात माल परत आणता येतो. अक्षर परत आणता येत नाही. गिऱ्हाईक देशातील असेल तर कायदा मदतीला आहे. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म वा लघु व्यावसायिकाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत देणे २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. कापड बाजारात त्या वेळी यावरून केवढी खळबळ झाली हे वाचकांना आठवत असेल. सेवा देणाऱ्या कारागिरालाही हे संरक्षण आहे. नोंदणी मोफत आहे. ती काम घेण्याच्या आधी करावी.

परदेशी गिऱ्हाइकाला हा कायदा पोहोचत नाही. तेथे करार आणि हप्ता हाच उपाय. नव्या प्रकाशकाकडून काही रक्कम आगाऊ मागणे यात कमीपणा नाही. पैसे बँकेतून घ्यावेत आणि परकीय रक्कम आल्याचा दाखला जपून ठेवावा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. परदेशी कामावर हमीपत्र भरून कर न लावता बिल करता येते. हा भाग जाणत्या लेखापालाकडून एकदा समजून घ्यावा.

मेढ्यात बसून हे जमेल का?

जावली तालुक्यातून माणसे मुंबईला जाण्याची परंपरा जुनी आहे. कोणी माथाडीत गेला, कोणी दुकानात. मागे घर राहिले, म्हातारे राहिले. पानावर होणारे आणि तारेवरून जाणारे काम मेढ्यात बसून करता आले तर एका घराचा तरी प्रश्न सुटतो. म्हणून या धंद्याचे भांडवल पाहू.

लागणारी यंत्रसामग्री मोठी नाही. एक बऱ्यापैकी संगणक, भरवशाचे इंटरनेट आणि अ‍ॅडोबी इलस्ट्रेटरसारखा कार्यक्रम. याचे भाडे दरमहा भरावे लागते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून इन्व्हर्टर हा भांडवलाचाच भाग समजावा. देवनागरीसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू असे चांगले फॉन्ट फुकट वापरता येतात. मात्र संगणकात भारतीय लिपीची मांडणी नीट लावलेली नसेल तर जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते. पहिल्याच पानावर हे तपासावे.

खरे भांडवल शिकण्याचा काळ आहे. सहा महिने ते वर्ष मिळकत धरू नये. दुकान, शिकवणी किंवा डीटीपीचे काम चालू ठेवून रोज दोन तास सराव करावा. छापून आलेले चांगले पान घ्यावे, अक्षरे पुसून स्वतः बसवावीत आणि मूळ पानाशी ताडून पाहावीत. इंग्रजी बोलता आले नाही तरी चालेल. वाचता आणि शुद्ध लिहिता मात्र आले पाहिजे, कारण एका चुकीच्या अक्षराने गिऱ्हाईक जाते. ज्याला मराठी, हिंदी आणि उर्दू तिन्ही लिप्या येतात त्याच्याकडे पुण्या-मुंबईच्या पुष्कळ मुलांकडे नसलेला माल आहे. शाळांची पुस्तके, आरोग्य खात्याची चित्रपत्रके, संस्थांच्या माहितीपुस्तिका यांतही चित्र आणि मजकूर एकत्र येतो. कॉमिक्सचे काम मिळेपर्यंत हात चालू ठेवायला ही कामे चांगली.

धोकेही सांगितले पाहिजेत. चित्रातील मजकूर ओळखून त्याचे भाषांतर आपोआप फुग्यात बसवणारी यंत्रे आली आहेत. स्वस्तात स्वस्त काम मागणारे प्रकाशक त्यांच्याकडे वळणारच. केवळ भराव टाकण्याचे काम करणाऱ्याचा दर पडणार, जसा इनपेज आल्यावर साध्या किताबतीचा पडला. टिकेल तो कथेचा अर्थ समजून फुगा ठेवणारा. शिवाय दिवसभर पडद्यासमोर बसून डोळे, मनगट आणि पाठ झिजतात. शिलाई यंत्रावर बसणाऱ्यांना हे ठाऊक आहे. एकट्याच्या धंद्यात आजारपणाची रजा नसते, ती मिळकतीतून बाजूला काढून ठेवावी लागते.

जुन्या हाताचे मोल

शेवटी आपल्या जुन्या कारागिरांविषयी. गुजरातचे हनीफ कुरेशी (१९८२-२०२४) यांनी हातांनी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरे गोळा करून त्यांचे संगणकाचे फॉन्ट करण्याचा उपक्रम चालवला. फॉन्टला त्या त्या पेंटरचे नाव दिले आणि विक्रीचा वाटा पेंटरला देण्याची पद्धत ठेवली. फ्लेक्सने ज्याची पाटी काढली त्याचे अक्षर पुन्हा विकले जाऊ लागले, तेही त्याच्या नावाने. मिर्झा जमील यांनी जे मोठ्या प्रमाणावर केले, टॉड क्लाइन यांनी जे स्वतःपुरते केले, तेच हे लहान प्रमाणावर.

जावली, सातारा, वाई, कराड या भागांत कितीतरी घरांत जुन्या पेंटरांच्या वह्या, कातिबांची पाने, लग्नाच्या रुक्क्यांचे नमुने माळ्यावर पडून आहेत. वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी ते खाली काढावेत, साफ करावेत, स्कॅन करून घ्यावेत. ज्या घरात एखादा म्हातारा खुशनवीस आणि एखादा संगणक शिकलेला नातू आहे, त्या घरात हा धंदा सुरू करण्याचे निम्मे भांडवल आधीच आहे. आजोबांनी अक्षर लिहावे, नातवाने त्याचा फॉन्ट करावा आणि तो फॉन्ट कोणाला देताना मालकी कोणाची, वापर किती दिवसांचा आणि नाव कोठे छापायचे, हे कागदावर लिहून घ्यावे.

व्यापारी बंधूंनीही एवढे करावे. दुकानाची नवी पाटी, लग्नसराईचे पत्रक किंवा पिशवीवरचे नाव करून घेताना फ्लेक्सवाल्याने दिलेले कोणतेही अक्षर पत्करण्याआधी गावात कोणी अक्षराचा जाणता आहे का, हे एकदा विचारावे. त्याच्याकडून काम करून घ्यावे, कोपऱ्यात त्याचे नाव छापू द्यावे आणि ठरलेल्या तारखेला त्याचे पैसे द्यावेत.